संगणकीय लघुरूपांचे मराठी उच्चारण

भाषेत परका शब्द येतो तो बहुधा कानावाटे येतो. म्हणून त्याचा उच्चार कसा करावा हा प्रश्न सामान्यतः उद्भवत नाही, तो लिहावा कसा एवढाच प्रश्न उरतो. लघुरूपांची गोष्ट नेमकी उलट आहे. ती पुष्कळदा डोळ्यांवाटे येतात. तीनचार रोमन अक्षरे कागदावर वा पडद्यावर दिसतात, आणि त्यांतील अक्षरांची नावे एकामागून एक घ्यावीत, की अक्षरे जुळवून एक शब्द म्हणावा, की मूळ शब्दसमूहच पूर्ण उच्चारावा, हे वाचणाऱ्याला ठरवावे लागते. संगणकविद्येत असे प्रसंग पावलोपावली येतात. कारण या विद्येइतका लघुरूपांचा सोस दुसऱ्या कोणत्याही शास्त्राला नसेल.

इंग्रजी लिहिणाऱ्याला या बाबतीत एक मोठी सवलत आहे. उच्चाराचा निर्णय न करताही त्याला लघुरूप लिहिता येते. हलत्या चित्रांच्या फाइलींचा जो एक प्रकार १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या हाताखाली तयार झाला, त्याच्या तीन रोमन अक्षरांचा उच्चार 'गिफ' की 'जिफ', यावर तिकडे दशकानुदशके वाद चालू राहिला. २०१३ मध्ये खुद्द विल्हाइट यांनी 'जिफ' असा कौल दिला. तरी वाद मिटला नाही. तो मिटण्याची कोणाला निकडही नव्हती, कारण लिहिताना सर्वांचे लेखन एकच होते. मराठी लेखकाला ही पळवाट नाही. त्याने 'जीआयएफ' लिहिले तर एक उच्चार झाला, 'गिफ' लिहिले तर दुसरा, 'जिफ' लिहिले तर तिसरा. देवनागरीत लेखणी टेकवताक्षणीच निर्णय झालेला असतो. तात्पर्य, लघुरूपाचा उच्चार इंग्रजीत बोलणारा ठरवतो, मराठीत लिहिणारा. प्रस्तुत विवेचनात हा एवढाच मुद्दा त्याच्या परिणामांसह तपासावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, लघुरूपे ही आपल्याकडे इंग्रजीबरोबर आलेली वस्तू नव्हे. प्राचीन लेखांत तिथीपूर्वी येणारे 'शुदि' आणि 'वदि' हे शब्द 'शुक्लपक्षदिन' व 'बहुलपक्षदिन' यांची आद्याक्षरे जुळून झाले, अशी उपपत्ती लिपिशास्त्रज्ञांनी दिलेली आहे. म्हणजे लेखनिकाने जागा वाचवण्यासाठी खोदलेली दोन अक्षरे पुढे शब्द म्हणून उच्चारली जाऊ लागली. पंचांगातील 'वद्य' तर याच 'वदि'ला संस्कृत वेष चढवून झालेला दिसतो. पत्रावरील 'मु. पो.' ची स्थिती वेगळी आहे. ते लिहावयाचे दोन अक्षरांत आणि वाचावयाचे 'मुक्काम पोस्ट' असे. 'कै.', 'चि.', 'रु.' यांचेही वाचन असेच विस्ताराने होते. 'सौ.' मात्र मधल्या वाटेवर आहे. लग्नपत्रिकेत ते 'सौभाग्यवती' असे वाचणारे अजून आढळतात, पण 'आमच्या सौ.' म्हणताना तेच एक स्वतंत्र नाम बनलेले असते. एकंदरीत विस्तारवाचन, अक्षरवाचन आणि शब्दवाचन या तिन्ही रीती मराठीला पूर्वापार परिचित आहेत.

देवनागरी आद्याक्षरांना एक सोय जन्मतःच लाभलेली आहे. आपले अक्षर म्हणजे स्वरासहित व्यंजन. त्यामुळे कोणतीही तीन आद्याक्षरे शेजारी ठेवली, की उच्चारक्षम शब्द तयार होतो. रोमनप्रमाणे स्वर हुडकत बसावे लागत नाही. 'शेकाप', 'पुलोद', 'मनसे', 'अंनिस', 'मसाप', 'गदिमा' ही सारी घडण त्याच सोयीतून झालेली आहे. येथे अक्षरवाचन आणि शब्दवाचन यांतील सीमारेषा इतकी पुसट आहे की, दोहोंत भेद आहे किंवा नाही अशी शंका यावी. तो भेद आहे, आणि तो ओळखण्याची एक खूणही आहे. मराठी शब्दाच्या शेवटचा 'अ' उच्चारात लोपतो. 'शे-का-प' अशी अक्षरे सुटी घेताना शेवटच्या 'प'मधील स्वर ऐकू येतो. 'शेकापचा उमेदवार' म्हणताना तो नाहीसा होतो. ज्या क्षणी अंत्य 'अ' लोपला, त्या क्षणी लघुरूप शब्द झाले असे समजावे. आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. ज्या पक्षाला हिंदीत 'भाजपा' म्हणतात, त्याला मराठीत 'भाजप' म्हणतात. कारण हिंदीतील शेवटचे अक्षर 'पार्टी'चे, तर मराठीतील 'पक्ष'चे. एका काना-मात्रेवरून लघुरूपामागील भाषा ओळखता येते ती अशी.

संगणकीय लघुरूपे मात्र रोमन अक्षरांची, आणि रोमन अक्षरे शेजारी ठेवल्याने शब्द होतोच असे नाही. याचे आपल्याकडील सर्वांत जुने आणि बोधप्रद उदाहरण मुंबईचेच आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला तेथील मंडळी व इतरही लोक 'टीआयएफआर' म्हणतात. चार अक्षरांची चार नावे. या संस्थेत १९५६ मध्ये एक प्रायोगिक संगणकयंत्र सिद्ध झाले आणि १९६० मध्ये त्याचे पूर्ण स्वरूप कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण 'टिफ्रॅक' असे केले. नाव संस्थेच्याच आद्याक्षरांपुढे 'ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर' या शब्दांची दोन अक्षरे जोडून केलेले आहे. पण तेवढ्याने चमत्कार घडला. संस्थेची चार अक्षरे जोडून वाचू गेल्यास शेवटी 'फ्र' असे जोडाक्षर उरते आणि जिभेला टेकू मिळत नाही; पुढे एक स्वर आला, की तेच जोडाक्षर 'फ्रॅ' होऊन सुरळीत उच्चारले जाते. म्हणून संस्था अक्षरांनी आणि तिचे यंत्र शब्दाने, असा भेद एकाच आवारात नांदला. १९४९ चे 'एडसॅक', १९५१ चे 'युनिव्हॅक' आणि तत्कालीन इतर यंत्रे याच घराण्यातील. 'अ‍ॅक' हा त्या पिढीचा जणू तद्धित प्रत्ययच होता. पुढे १९६४ मध्ये याच संस्थेत अमेरिकेहून जे यंत्र आले ते 'सीडीसी ३६००'. ते अक्षरांनीच वाचले गेले. त्या तीन अक्षरांत स्वरच नाही, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता.

स्वर असणे ही शब्दवाचनाची आवश्यक अट खरी, पण पुरेशी नव्हे. 'यूपीआय' ही अक्षरे 'उपी' अशी, 'एटीएम' ही 'अ‍ॅटम' अशी सहज वाचता आली असती. तशी ती कोणी वाचत नाही. उलट 'रॅम', 'रॉम', 'लॅन', 'सिम', 'पिन', 'पॅन' यांना कोणी अक्षरांनी वाचत नाही. या विभागणीमागे ध्वनिशास्त्र थोडे आणि परंपरा फार. ज्या मंडळींनी ते लघुरूप प्रथम बनवले त्यांनी ते जसे उच्चारले तसे ते यंत्राबरोबर, माहितीपुस्तकाबरोबर वा विक्रेत्याबरोबर आपल्याकडे आले. काहींत तर अर्धे अक्षरवाचन आणि अर्धे शब्दवाचन असा संकर दिसतो. 'सीडी-रॉम', 'एमएस-डॉस' ही त्याची उदाहरणे. चित्रांच्या दुसऱ्या एका प्रकारातील 'जेपेग' हेही तसेच, पहिले अक्षर नावाने आणि पुढील तीन जोडून. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राचे 'सी-डॅक' हे रूप याच सांगाड्याचे आहे. या केंद्राने १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या महासंगणकाचे नाव ठेवताना मात्र नामकर्त्यांनी उच्चार आधी निश्चित केला व अक्षरे मागून जमवली. 'पॅरलल मशीन' या शब्दांतून निघालेले 'परम' हे नाव ऐकताच ते लघुरूप आहे अशी शंकाही येत नाही.

भारतीय लिप्यांसाठी जी संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली, ती 'इस्की'. हे रूप १९६३ च्या अमेरिकी 'अ‍ॅस्की'च्या धर्तीवर बेतलेले आहे. पाचांपैकी शेवटची दोन अक्षरे वस्तुतः दोन 'आय'ची, पण उच्चारात त्यांचा दीर्घ 'ई' होतो. 'अ‍ॅस्की', 'रॅम', 'पॅन', 'डॅक' या सर्वांत येणारा चंद्रयुक्त स्वर मराठीच्या मूळ वर्णमालेत नव्हता. २००९ च्या शासननिर्णयाने त्याला वर्णमालेत स्थान मिळाले. लघुरूपांनीच तो आणला असे म्हणता येणार नाही, बँक आणि बॅट त्याच्या आधीच आल्या होत्या. पण त्याच्या नित्य वापराला लघुरूपांचा मोठा हातभार लागला आहे.

विदागारांना प्रश्न विचारण्याच्या भाषेची कथा येथे सांगण्यासारखी आहे. १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन व बॉइस या संशोधकांनी ती 'सीक्वेल' या नावाने मांडली. हे नाव दुसऱ्या एका कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याने त्यातील स्वर गाळून तीन व्यंजने ठेवण्यात आली. नाव बदलले, जुन्यांची जीभ बदलली नाही. म्हणून आजही कोणी 'एसक्यूएल' म्हणतो, कोणी 'सीक्वेल'. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पाठ्यपुस्तकात 'एसक्यूएल' वाचतो आणि नोकरीच्या ठिकाणी 'सीक्वेल' ऐकतो, तेव्हा या दोन वेगळ्या भाषा आहेत असा त्याचा समज झाल्यास तो दोष त्याचा नव्हे. रोमन लेखनात दोन्ही उच्चारांखाली अक्षरे एकच राहतात. देवनागरीत त्यांचे नातेच दिसत नाही.

आता विद्यापीठाच्या आवारातून थोडे बाहेर पडू. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याशी वैशाखरे नावाचे गाव आहे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनांचा जो प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांचे आकडे चिन्हांनी खोदलेले आहेत. अंकचिन्ह आपला उच्चार सांगत नाही. तो वाचणाऱ्याने पुरवावयाचा असतो. त्याच घाटाखालचा शेतकरी आज ७/१२ ही खूण पाहून 'सातबारा' म्हणतो. गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांच्या क्रमांकांनी झालेला हा शब्द कागदावरील तिरकी रेघ विसरून पूर्ण मराठी नाम झाला. त्याला लिंग आहे, विभक्ती आहे, 'सातबारा कोरा' असा वाक्प्रचारही आहे. परकी खूण पचवण्याची बोलभाषेची शक्ती किती आहे, हे यावरून दिसते.

या परिसरात वावरणाऱ्या माणसाच्या बोलण्यात रोमन आद्याक्षरेही भरपूर आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली; तेव्हापासून 'स्टेट ट्रान्सपोर्ट'ची दोन अक्षरे लोकांच्या तोंडी बसली. महामंडळाच्या कागदोपत्री 'रा. प.' आहे, पण 'राप आली' असे प्रवासी म्हणत नाहीत. 'एसटी आली' असेच म्हणतात. आणि पुढे संपावेळी 'एसट्या बंद' होतात! ईकारान्त स्त्रीलिंगी नामाचे अनेकवचन 'याकारान्त' होते, हा नदी-नद्यांचा नियम दोन इंग्रजी अक्षरांना इतक्या सहजतेने लागू व्हावा, यापेक्षा शब्द पचल्याचा दुसरा पुरावा कोणता हवा? 'सीडी'चे 'सीड्या' हे रूपही असेच ऐकू येते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीला लोक नुसते 'एमआयडीसी' म्हणतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाचे हे लघुरूप आता संस्थेचे नसून जागेचे नाव आहे. माणूस 'एमआयडीसीत' कामाला जातो. शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाबाबत लोकांनी चौथाच मार्ग पत्करला आहे. आद्याक्षरे नाहीत, विस्तारही नाही. चार शब्दांतील एकच उचलून 'प्रकल्प ऑफिस'. 'इंटरनेट'चे 'नेट' झाले ते याच रीतीने.

शिधावाटपाच्या दुकानात अंगठा टेकवावयाचे जे यंत्र आहे, त्याचे 'ई-पॉस' हे नाव अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावे. 'पॉइंट ऑफ सेल' या शब्दांची हीच तीन अक्षरे बँकेच्या व्यवहारात 'पीओएस' अशी वाचली जातात. शिधादुकानी मात्र ती जुळून शब्द झाला. एकाच लघुरूपाचे दोन व्यवहारक्षेत्रांत दोन उच्चार आणि म्हणून देवनागरीत दोन लेखने. 'केवायसी'चा अर्थपालट याहून मौजेचा आहे. 'तुमच्या ग्राहकाला ओळखा' ही बँकांना दिलेली आज्ञा. आता ग्राहकच सांगतो, 'माझी केवायसी झाली.' आज्ञार्थी वाक्य स्त्रीलिंगी नाम होऊन बसले, आणि ओळखणाऱ्याचे काम ओळख देणाऱ्याकडे गेले. टपालाचा 'पिनकोड' १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ व संस्कृतचे व्यासंगी कवी होते. मुरबाडचा ४२१४०१ किंवा शहापूरचा ४२१६०१ हा क्रमांक सांगताना लोक 'पिनकोड नंबर' म्हणतात. 'पिन'मध्ये 'नंबर' अगोदरच आहे अशी चूक काढणे सोपे आहे. पण ज्याला द्विरुक्ती जाणवत नाही त्याच्या दृष्टीने 'पिन' हे लघुरूप उरलेलेच नाही. बँकेच्या कार्डाचा 'पिन' मूळ विस्ताराने अगदी निराळा. मराठीत दोन्ही एकच शब्द झाले, आणि त्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

येथवर सर्व सुरळीत आहे. अडचण येते ती लिहिणाऱ्यापाशी. रोमन अक्षरांची नावे मराठीत आणि हिंदीत सारखी नाहीत. आपण 'आय', 'वाय', 'व्ही' म्हणतो व लिहितो. हिंदीत 'आई', 'वाई', 'वी' असे लिहिण्याचा प्रघात आहे. म्हणून आपली 'आयआयटी', 'केवायसी', 'टीव्ही'. त्यांची 'आईआईटी', 'केवाईसी', 'टीवी'. मजकुराचा एकही अन्य शब्द न वाचता केवळ लघुरूपांवरून वृत्तपत्र मराठी की हिंदी हे सांगता येईल, इतका हा भेद पक्का आहे. परंतु अनेक यंत्रांच्या व भ्रमणध्वनीवरील सेवांच्या मराठी आवृत्त्या हिंदीवरून तयार होतात आणि लघुरूपे तशीच राहून जातात. 'यूपीआई' वाचताना मराठी माणसाला आई आठवते, 'केवाईसी' वाचताना कृष्णाकाठचे वाई. विश्वकोशाचे कार्यालय असलेल्या गावाची अशी आठवण व्हावी यात काही औचित्य असेलही, पण अर्थबोधाला ती उपयोगी नाही. 'ओ. टी. पी.' असे पूर्णविराम देऊन लिहिलेले लघुरूप, 'ओटीपी' असे सलग लिहिलेले आणि 'ओ टी पी' असे तुटक लिहिलेले यंत्राच्या दृष्टीने तीन भिन्न शब्द असतात. शोधताना ते परस्परांना सापडत नाहीत, आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र पूर्णविरामाशी वाक्य संपल्यासारखे थबकते. ज्याला दृष्टी नाही किंवा अक्षरओळख नाही, त्याचा सारा भरवसा त्या वाचनावर असतो.

शुद्ध मराठी पर्याय योजून हा गुंता सोडवावा, असे सुचवले जाईल. 'संगणक' हा शब्द रुजला, त्याअर्थी सूचना अव्यवहार्य नाही. पण संगणकविद्येत 'शेकाप', 'मनसे' यांच्या धर्तीचे मराठी आद्याक्षरांचे एकही सर्वपरिचित लघुरूप का नाही, हे पाहिले पाहिजे. लघुरूप हे वारंवार उच्चाराचे अपत्य आहे. लांब नाव दिवसातून दहा वेळा घ्यावे लागले म्हणजे जीभ ते आखडते. परिभाषाकोशातील संज्ञा कोशातच राहिल्यास तिला आखडण्याचा प्रसंग येत नाही. रोजगार हमी योजनेचे 'रोहयो' झाले, कारण ते नाव कचेरीत नित्य लिहावे लागले. 'यादृच्छिक अभिगम स्मृती'ला ते भाग्य लाभले नाही.

'ओटीपी'च्या बाबतीत तर या प्रश्नाला पैशाची किंमत आहे. भ्रमणध्वनीवर संदेशातून येणारा आणि काही मिनिटांत निकामी होणारा आकडा, एवढा अर्थ हा शब्द ऐकताच गावातील वृद्धालाही कळतो. मूळ विस्तारात 'पासवर्ड' असूनही मराठीत तो 'शब्द' नाही, 'नंबर' आहे. शेवटी ईकार असूनही 'ओटीपी आला' असा पुल्लिंगी आहे. फसवणूक करणारा दूरध्वनीवरून हाच शब्द उच्चारतो: 'ओटीपी सांगा.' अशा वेळी बँकेच्या भिंतीवरील सूचनेत 'एकवेळ वापरावयाचा परवलीचा शब्द कोणासही उघड करू नये' असे निर्दोष मराठी लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याला ती सूचना आपल्या फोनवरील आकड्याविषयी आहे हे कळणार नाही. शब्द सांगू नये एवढेच त्याला कळेल, आणि तो आकडा सांगेल. सूचनेत 'ओटीपी' हाच शब्द, सलग आणि बोलल्याप्रमाणे लिहिलेला असला, तर दूरध्वनीवर कानी पडलेला शब्द आणि भिंतीवर वाचलेला शब्द एकच आहेत हे त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.